पाठीवरचा शिक्का

ह्यांच्या विसरण्याच्या आजारावर डॉक्टरांनी शेवटी औषधाची पट्टी दिली होती. रोज सकाळी पाठीवरची जुनी काढायची, नवी लावायची, जागा बदलायची. लावून झाली की मी तळव्याने दाबून धरायचे, आणि हे म्हणायचे, "मारलास शिक्का? मग भर गाडीत!" मार्केट यार्डात ह्यांचा गुळाचा गाळा होता; ढेपेवर शिक्का बसला की माल गाडीत चढायचा. मुलीचं नाव गेलं, न्हाणीघर कुठे ते गेलं, पण हा विनोद सकाळी जागेवर असायचा. मी हसायचे. पुढे पुढे हसायचाही कंटाळा यायला लागला, तेही लिहून टाकते.

पट्टीमुळे जेवण तुटलं होतं. ताट समोर आलं की मळमळायचं. दुपारभर मात्र दाराशी येरझाऱ्या. "गाडी आली का गं? हमाल कुठे उलथले?" गाळा विकला, असं सांगितलं की दर वेळी नव्याने चेहरा पडायचा.

दिवाळीच्या पाडव्याला मी ह्यांना तेल लावलं. लग्नापासून कधी चुकवलं नव्हतं. पाठ भरून तेल, उटणं, कढत पाणी. "वर्षातून एकदा सेवा, आणि तीही तेलकट," हे म्हणाले. ओवाळलं तेव्हा ह्यांनी ओवाळणी म्हणून तबकात चकलीचा तुकडा टाकला.

अंघोळीनंतर पट्टी चिकटेना. तेल अंगात मुरलेलं. दोन वाया गेल्या, तेव्हा म्हटलं, राहू दे आजच्या दिवस.

दुसऱ्या दिवशी हे पोटभर जेवले. गूळ-तूप मागून घेतलं. त्यानंतर दुपारी गाडीची चौकशी नाही, काही नाही. खिडकीशी नुसते बसून राहिले. कित्येक महिन्यांनी मी दुपारची झोपले. मग पट्टी लावलीच नाही. हे जेवताहेत म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे हे गप्प होते म्हणून.

मुलगी बेंगळुरूहून रोज फोनवर विचारायची, "आई, पॅच लावलास ना?"

"लावला गं."

आठवड्याने ती आली. खाली तिची रिक्षा थांबली, तशी मी घाईने ह्यांचा सदरा वर केला आणि नेहमीची, पूर्ण ताकदीची पट्टी चिकटवली. तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर आधी मला विचारा, पुन्हा कमी ताकदीपासून सुरुवात करावी लागते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते मला आठवत होतं. विसरण्याचा आजार ह्यांना होता, मला नव्हता.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. घोटभर पाणीही टिकेना. दवाखान्यात सलाईन लावलं, हे माझा पदर मुठीत धरून पडले होते. डॉक्टरांनी विचारलं, "मध्ये खंड पडला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

"आई एक दिवस चुकवत नाही, डॉक्टर," मुलगी म्हणाली.

म्हणजे औषधच सोसत नाही, असा त्यांनी अर्थ काढला. दुसरा कुठला निघणार? गोळ्या आधीच करून झाल्या होत्या. पट्टी कायमची बंद झाली. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं असतं तर थोड्या ताकदीने पुन्हा सुरू झाली असती. नाही उघडलं.

पट्टीने हे बरे होणार नव्हते, ते मला कळतं. भानावरचे थोडे दिवस जास्त मिळाले असते, इतकंच. पण ते दिवस ह्यांचे होते.

संक्रांतीच्या आधीच शिक्क्याचा विनोद गेला. मुलीला सगळं सांगायचं म्हणून एकदा फोन लावला. ती म्हणाली, "तू आहेस म्हणून बाबा इतके तरी टिकून आहेत." मी म्हटलं, "कुकर लावलाय, ठेवते." गॅसवर काही नव्हतं.

अजूनही सकाळी ह्यांचा सदरा वर करते. पाठ स्वच्छ. त्याच जागी तळवा दाबून धरते आणि थांबते. काल न राहवून मीच म्हटलं, "मारला बरं का शिक्का."

हे जरा पुढे सरकले. गाळ्यावर नवख्या गिऱ्हाइकाशी बोलायचे, तितक्याच अदबीने म्हणाले, "हात फार गार आहे हो बाई तुमचा."