ओठांकडे बघणाऱ्या बाई

बाई समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायच्याच नाहीत, ओठांकडे बघायच्या. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मला वाटलं, माझ्या तोंडाला भाकरीचं पीठ लागलंय. मी दोनदा पदरानं तोंड पुसलं. मग कळलं, ही त्यांची सवयच.

कुणाचं तोंड उघडं दिसलं की म्हणायच्या, "मिटा. नाक कशाला दिलंय?" एसटीत कंडक्टरलाही म्हणाल्या. तो बिचारा तिकीट द्यायचं सोडून तोंड मिटून उभा राहिला. धंदा अंगात मुरलेली अशी माणसं तुम्हीही बघितली असतील.

त्या बारामतीला असायच्या आणि मंगळवारी इंदापूरला, एका डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत तोंडाचे व्यायाम शिकवायच्या. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडं बायकांना तोंडाचा व्यायाम शिकवावा लागत न्हाय." त्या हसल्या नाहीत. निरखून म्हणाल्या, "तुमचे ओठ छान मिटतात, आजी." आयुष्यात माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

माझी सून गावात बालवाडी चालवायची. एका सकाळी उठली तर तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी डोळा मिटायला लागला, पण ओठ मिटेनात. चहा ओघळायचा. रात्री तोंडानं श्वास चालायचा, सकाळी जीभ कोरडी. 'पाटी' म्हणायला गेली की नुसती हवा जायची. पोरं हसली. तिनं तोंडावर पदर धरला आणि बोलणंच सोडलं. सरपंच सांगून गेले, "दिवाळीपातूर बगू, न्हायतर दुसरी बाई नेमू."

मी तिला मंगळवारी इंदापूरला नेलं. बाईंनी तिच्यापुढे आरसा ठेवला. गालात पाणी धरायला लावलं. मग दोरा ओवलेली मोठी गुंडी तिच्या ओठांच्या आत ठेवली आणि दोरा ओढायला लागल्या. सुनेनं ओठ आवळून गुंडी धरायची. बैलाची वेसण धरावी तशा त्या दोघी. मला हसू आवरेना. बाई म्हणाल्या, "आजी, हसायचं तर बाहेर." मी बाहेर जाऊन हसले.

एका मंगळवारी म्हणाल्या, "आता रोज शीळ घालायची."

"सुनंनं? घरात सासरा बसल्याला असतो."

"त्यांच्यासमोर नका घालू."

"आमच्यात मेंढरं वळताना बाप्ये शीळ घालायचे. बायका न्हाय."

"मेंढरं आहेत अजून?"

"कवाच इकली. आता ऊस हाय."

"मग उसात घाला. ऊस कुणाला सांगत नाही."

मी म्हटलं, दाखवा कशी घालायची. बाईंनी ओठांचा चंबू केला, डोळे मोठे केले आणि निघालं काय, फुस्स. "मला येत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "शिकवता येते."

सून रोज दुपारी उसात जायला लागली. मी बांधावर गवत कापत बसायचे. बरेच दिवस आतून वाराच ऐकू यायचा. मग हळूहळू बारीक शीळ फुटली. मला बरं वाटलं, पण ती रस्त्यानं पाण्याला जाणाऱ्या बायकांनीही ऐकली. उसात कुणी टवाळ पोरगं बसून बायकांना शिट्ट्या मारतंय, अशी गावात बोंब झाली. दुसऱ्या दिवशी पाचसहा बाप्ये काठ्या घेऊन आले. पुढं आमचे मालक. मी सांगायला उठेपर्यंत त्यांनी ऊस घेरला होता.

"कोन हाय रं आत? भाईर ये!"

शीळ थांबली. पाचट वाजलं आणि सून बाहेर आली. हातात आरसा. तोंडावर पदर घ्यायचीही शुद्ध नव्हती.

"आबा, मी हाय," ती म्हणाली.

मी तिच्या ओठांकडेच बघत होते. 'बा' म्हणताना दोन्ही ओठ टेकले. 'मी' म्हणतानाही टेकले.

बाप्यांनी काठ्या पाठीमागं नेल्या. आमचे मालक म्हणाले, "लय बारीक हाय. हिच्यानं मेंढरू वळायचं न्हाय. आनखी जोर लाव." आणि सगळ्यांना घेऊन निघून गेले.

दिवाळीनंतर बालवाडी तिच्याकडेच राहिली. हसताना ओठाचा एक कोपरा मागं राहतो, तो अजून तसाच आहे.

हे सगळं बाईंना सांगायला आम्ही मंगळवारी इंदापूरला गेलो, तर मागच्या खोलीला कुलूप. कंपाउंडर म्हणाला, बाई काम सोडून गेल्या, लातूरकडं कुठंतरी. पत्ता त्यालाही माहीत नव्हता.

मी उठले. सून मात्र बाकावरच बसून राहिली. मग कंपाउंडरला म्हणाली, "बाईंना सांगायचं होतं, आता तुमीच ऐका." आणि सुरू झाली. गुंडी, ऊस, काठ्या, सासरा, सगळं. बसलेले पेशंट हसून हसून खोकायला लागले. बाहेर आमची भिगवणची एसटी लागली, सुटायला आली, तरी हिचं चालूच.

शेवटी मलाच म्हणावं लागलं, "अगं, गप बस की आता."