जाळी आणि हार

जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाण्याच्या कारखान्यात खंडेनवमीला मशीन पुजतात. त्या वर्षी फिरत्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून तिच्या चौकटीला झेंडूचा हार बांधला. दसरा झाला, मशीन सुरू झाली, जाळी मात्र भिंतीला टेकूनच राहिली. ती लावायची तर हार काढावा लागणार, आणि वाहिलेला हार वाळून गळेपर्यंत कोणी काढत नाही.

मी त्या पट्ट्याशेजारी बी निवडायला बसायचे. पदर कंबरेला घट्ट खोचला तरी जीव सारखा त्यातच असायचा. मुकादमाला म्हटलं, "भाऊ, जाळी लावा. लई भ्या वाटून राह्यलं."

"पूजा झालीय ना बाई? मंग काहीच होत न्हाई."

अस्सा राग आला! पण बसले तिथंच.

एका दुपारी हाराचं टोक सुटून पट्ट्याला लागलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खा हार आत ओढला गेला आणि फुलांचा भुगा आमच्या तोंडावर उडाला. सगळ्या बायांचे हात एकदमच पदराकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मुकादम जल्दी आला. जाळी भिंतीलाच होती. त्याच्या हातात नवा हार होता.