खुनी कोण, हे आईला अजून माहीत नाही

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितोय.

साठच्या दशकातला एक डिटेक्टिव्ह पिक्चर. हीरो गुप्तहेर, कडक सूट, केसाची बटही हलत नाही. मी तान्हा असताना तो उल्हासनगरच्या टॉकीजला परत लागला होता, तेव्हा आई-बाबा मला घेऊन गेले. ऐन शेवटी मी भोकाड पसरलं. आई मला घेऊन बाहेर आली. बाबांनी आत बसून खुनी बघितला आणि पुढे जन्मभर "सांगणार नाही जा" म्हणत तिला चिडवलं. आता बाबाही नाहीत.

आज तो पिक्चर मला यूट्यूबवर सापडला. बदलापूरच्या घरी टीव्हीवर लावला. आई अगदी पुढे सरकून बसली. हीरोने सगळ्या संशयितांना हॉलमध्ये जमवलं, आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं.

आई उठली.

"आई, थांब ना! आता कळेल!"

"पाणी जाईल रे."

आत बादल्या वाजत होत्या. मी टीव्हीवरून नजर हलवली नाही. खुनी कळला.

ती पदराला हात पुसत आली. मी म्हटलं, "मागे घेऊ?"

"राहू दे, कुकर लावायचाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बघितलास ना पूर्ण?"

पिक्चर थांबवायला एक बटण पुरलं असतं हो. रिमोट माझ्याच हातात होता.

खरं सांगा, तुमच्याकडे पाणी आलं की कोण उठतं?