भिवराबाईचं पाऊण एकर

भिवराबाईच्या शेतात खदान पाडायची ठरली, तेव्हा गावाला वाटलं, आता बाई आरडून गाव डोक्यावर घेणार. बाईनं तसं काही केलं नाही. पारावर जमलेल्या बाप्यांना एकच विचारलं, "मुरूम न्याल, पर खड्डा कोण बुजवनार?"

बहात्तर सालचा दुष्काळ होता. चकलांब्याकडच्या त्या लहानशा गावात विहिरींचा तळ दिसत होता आणि निम्मं गाव बिऱ्हाड उचलायच्या बेतात होतं. अशात सरकारी रस्त्याचं काम आलं. गावानं घाईघाईनं मजूर सोसायटी काढली, मोहनराव चेअरमन झाले, किराणा दुकानदार शंकरप्पा सेक्रेटरी. चांगला मुरूम सापडला तो नेमका भिवराबाईच्या बांधाआतल्या पाऊण एकरात. वर हातभर काळी माती, खाली पिवळाधमक मुरूम. नवरा जाऊन चार वर्षं झालेली; तीन एकरांतला हाच तुकडा तिला वर्षभराची ज्वारी द्यायचा. ती नाही म्हणाली असती तर कुणी जबरदस्ती केली नसती. पण साठ बायांच्या हाताला काम मिळणार होतं, आणि त्या साठात ती स्वतःही होती.

शंकरप्पानं मग कागद केला. मुरमाच्या प्रत्येक ब्रासमागं आठ आणे कापून बँकेत अनामत ठेवायची. खदान बुजवून जमीन पूर्वीसारखी केली, असा भिवराबाईचा अंगठा उठल्याशिवाय त्यातला एक पैसाही कुणाला मिळायचा नाही. "वैनी, आता मोहनरावानं म्हनलं तरी पैसा हालत न्हाई," असं त्यानं तिला अभिमानानं सांगितलं. भिवराबाईला पैशापेक्षा मातीची काळजी. तिनं वरची काळी माती वेगळी काढायला लावून बांधावर तिचा ढीग घातला. खड्डा भरला की ही वर पसरायची, एवढा सरळ हिशेब.

ते दिवस हालाचे होते, पण पुढं म्हातारपणी भिवराबाईला तेच गोड लागायचे. दुपारी साठ जणी एका सावलीला बसून कामावर मिळणारी सुकडी खायच्या, रेशनवरच्या अमेरिकन मिलोच्या लाल भाकरीला नावं ठेवायच्या आणि नवऱ्यांच्या नकला करून पोट दुखेस्तोवर हसायच्या. विधवा बाईशी एरवी जपून बोलणाऱ्या बायका तिथं तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपायच्या. असं माणसांत बसणं तिला पुन्हा कधी मिळालं नाही.

घोटाळा झाला तो चुलीपायी. चुलीसाठी माती मागितली तर नाही म्हणायचं नाही, ही त्या भागातली रीत. ढिगातली काळी माती चिकट, चुलीला झकास. छबुबाईनं एक पाटी मागितली, भिवराबाईनं दोन दिल्या. मग केसरबाई आली, मग तिची जाऊ. सहा महिन्यांत गावातल्या सगळ्या चुली नव्या झाल्या, आणि जे उरलं ते वैशाखातल्या वावटळींनी नेलं. काम बंद झालं तेव्हा बांधावर जेमतेम गाडीभर माती होती आणि शेतात दोन पुरुष खोल खड्डा.

तळ खडकाच्या डबरानं भरता आला असता आणि वर गावतळ्यातला गाळ टाकता आला असता. तळं कोरडंच होतं. पण मृगाआधी गाळ निघाला नाही तर पाण्याखाली जाणार. गाडीवान फुकट येईनात. पैसा होता बँकेत, आणि तो सुटायला आधी खड्डा भरायला हवा होता. शंकरप्पानं इतका पक्का कागद केला होता, की त्यात तो स्वतःच अडकला.

तो भिवराबाईच्या दारात आला आणि खाली मान घालून बसला. "वैनी, भरला म्हनून आदीच अंगठा द्या. मंग पैसा सुटतो."

"आन पैसा सुटल्यावर तुमी न्हाई भरला तर?"

शंकरप्पा उठून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दुकानातला तराजू होता. तीन पिढ्यांचा, दिवाळीला पूजा होणारा, कधी उंबऱ्याबाहेर न गेलेला. मागून त्याची बायको नीलाबाई डोळे पुसत वजनांची पिशवी घेऊन आली. "खड्डा भरस्तोवर ह्ये तुमच्यापाशी," तो म्हणाला. भिवराबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि अंगठा दिला.

दुसऱ्या दिवसापासून गावाचे हाल सुरू झाले. मीठ, मिरची, डाळ, काहीच तोलून मिळेना. शंकरप्पा अंदाजानं द्यायचा आणि लोक दुकानातच भांडायचे. चार दिवसांत बँकेतला पैसाही सुटला आणि बाप्यांनी गाड्या जुंपल्या. बायकाही डोक्यावर पाट्या घेऊन तळ्याकडं निघाल्या. चुलीला नेल्या तेवढ्या पाट्या गाळ आपण टाकायचाच, असं छबुबाईनं सगळ्यांकडून वदवून घेतलं. मृगाच्या दोन दिवस आधी खड्डा भरला.

भिवराबाई म्हणाली, "अप्पा, न्या आता तराजू."

"न्हाई वैनी. कागदात पूर्वीसारखी लिवलंय. पीक बघू, मंग नेतो. तवर दुसरा इकत आनतो."

गाळात पेरलेली ज्वारी पुढच्या माघात गुडघ्याएवढी झाली आणि कणसं बोटाएवढी. जिथं सहा पोती व्हायची तिथं पोतंभर झाली. भिवराबाईनं तराजू उचलला, दुकानात नेऊन आढ्याच्या कडीला स्वतः अडकवला आणि म्हणाली, "पूर्वीसारखी झाली, अप्पा."

शंकरप्पा रोज त्याच वाटेनं जाई. त्यानं पीक पाहिलं होतं. त्यानं तराजू ठेवून घेतला. पण त्या उन्हाळ्यात त्याच्या दोन गाड्या गाळ घेऊन तिच्या शेतात आल्या. पुढच्या उन्हाळ्यातही आल्या. "कावून एवढा खर्च करता?" असं तिनं विचारलं, की तो म्हणायचा, "बैल बसून खात्यात, तेवढंच त्यांना काम." अकरा उन्हाळे हे चाललं. भिवराबाईला त्याचा फार लळा लागला होता आणि ते सांगायला तिला जन्मात शब्द सुचले नाहीत.

अकराव्या उन्हाळ्यानंतर, दिवाळी होताच शंकरप्पा गेला. त्याच माघात पाऊण एकरातली ज्वारी पुरुषभर वाढली आणि सात पोती झाली. सातवं पोतं शिवताना भिवराबाईचा हात थांबला. ती खळ्यातच पदर तोंडाला लावून रडली. कारण आता जमीन खरंच पूर्वीसारखी झाली होती आणि हे ज्याला सांगायचं तो माणूसच नव्हता.