दारापर्यंत यायची परवानगी

ऑलिवमावशीच्या घरात टीव्ही नाही हे सिद्ध करण्यासाठी मी टीव्ही-परवान्याच्या माणसाला तिच्या घरात नेलं. तेही ती घरी नसताना. टीव्ही खरंच नव्हता. तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज समोरच्या फुटपाथवरून मान खाली घालून गेलो नसतो.

ऑलिव क्रॅब्ट्री ही माझी सख्खी कुणी नाही. आमच्या गल्लीत ज्या बाईनं लहानपणी तुमचं नाक पुसलं असेल ती मावशी. हिनं अख्ख्या गल्लीची नाकं पुसली होती. चौतीस वर्षं ती कापड गिरणीत मागावर होती. मागांच्या खडखडाटात तिथं कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि चार मागांपलीकडचं भांडणही ओठांवरून वाचायच्या. गिरणी बंद पडली तरी ही विद्या गेली नाही. मावशी ती आमच्यावर वापरायची. समोरच्या घरात, बंद काचेआड, तुम्ही तिच्याबद्दल बोललात की ती आपल्या पायरीवरून उत्तर द्यायची. पुढं डोळ्यात मोतीबिंदू वाढला, ओठ दिसेनासे झाले, आणि पाचसहा वर्षांत गल्ली पुन्हा मोकळेपणी चहाड्या करायला लागली.

तिची खरी कीर्ती मात्र परवान्याच्या माणसांमुळे. आमच्याकडे टीव्ही बघायचा तर दर वर्षी परवाना काढावा लागतो. ज्याच्याकडे परवाना नाही त्यानं घरात टीव्ही लपवलेलाच असणार, असा कार्यालयाचा ठाम समज. मावशीला दर दोनतीन महिन्यांनी दमदाटीचं पत्र यायचं आणि पत्रामागून माणूस.

"मॅजिस्ट्रेटच्या सहीचा हुकूम आणलाय?" मावशी पायरीवर हाताची घडी घालून विचारायची.

"हुकूम कशाला, बाई? दोन मिनिटं आत बघतो नि जातो."

"नाही ना आणला? मग ती दोन मिनिटं तुमच्या गाडीत बसा. छान गरम असेल."

आणि दार लावायची. आपटायची नाही, लावायची. वाचनालयातल्या कायद्याच्या जाड पुस्तकातून तिनं सगळं उतरवून आणलं होतं आणि गल्लीला पाठ करून घेतलं होतं. हुकूम नसेल तर आत घ्यायची सक्ती नाही. नाव सांगायची सक्ती नाही. प्रश्नांना उत्तर द्यायची सक्ती नाही. "आणि वाद घालू नका गं," ती बायकांना सांगायची, "वाद घालणारी बाई शेवटी चहा विचारते." आमच्याकडे टीव्हीही होता आणि परवानाही, तरी आईनं एकदा त्या माणसाला दारातूनच परतवून लावलं. का, तर मावशीला काय वाटेल!

मावशी स्वतःही कुणाला आत बोलवायची नाही. चहा द्यायची तो पायरीवर. पण पुढच्या खिडकीचे जाळीचे पडदे दुधासारखे पांढरे, आणि संध्याकाळी सहा ते दहा त्यांच्यामागे दिवा. त्या खोलीत तिचा पियानो आहे, तिच्या नवऱ्याच्या, वॉल्टरकाकांच्या, आईचं काचेचं कपाट आहे, हे आम्हाला ठाऊकच होतं. बाई घर जपते, एवढाच अर्थ आम्ही काढला.

मार्चमध्ये तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जाताना तिनं मागच्या दाराची किल्ली माझ्या हातात दिली.

"मेजरला दोन वेळा मासे घाल. बशी मोरीत आहे. मोरीपर्यंतच जायचं, क्रेग. पुढं नाही."

"पुढं काय, सोनं पुरलंय का?"

"पुढं माझं घर आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मोरीत वाकून बोक्याला मासे घालत होतो, तेवढ्यात मागच्या फाटकातून खाकरल्याचा आवाज आला. परवान्याचा माणूस. पुढं दार वाजवून थकला होता, म्हणून बोळातून मागं आला. बापडा भिजून चिंब, हातातल्या फळीवरचे कागद ओले.

मला वाटलं, संधी चालून आलीय. एकदा बघून घेऊ दे. नोंद होईल, पत्रं थांबतील, मावशी घरी येऊन बघते तर काय, कटकटच संपलेली! तिच्यासाठी काहीतरी करतोय या खुशीत मी मोरीचं आतलं दार ढकललं आणि म्हणालो, "या, बघूनच जा एकदाचं!"

मधल्या खोलीत एक घडीची खाट होती. भिंतीच्या खुंटीला कोट, खिडकीच्या कट्ट्यावर रेडिओ. बस. पुढच्या खोलीत तेही नव्हतं. जिथं पियानो असायचा तिथं भिंतीच्या कागदावर गडद चौकोन आणि खाली जमिनीवरच्या मेणकापडात त्याच्या पायांचे चार खळगे. कपाट नाही, खुर्ची नाही, गालिचा नाही. पांढऱ्याशुभ्र पडद्यांमागं चहाचं रिकामं लाकडी खोकं, आणि खोक्यावर तो दिवा.

सामान एकेक करून कधी गेलं, कोणत्या गावच्या लिलावात, आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही समोर राहतो.

तो माणूस हळूच म्हणाला, "टीव्ही नाही." मग उगाच भिंतीवरच्या बटणांकडं बघत राहिला, कारण दुसरीकडं कुठं बघायचं हे त्यालाही कळेना. "घर तुमचंच ना?"

"नाही. मी बोक्याला खायला घालतो."

त्यानं पेन खिशात ठेवलं. "मग मला आत घ्यायचं नव्हतंस, पोरा," तो म्हणाला, आणि आलेल्या वाटेनं, टाचा न वाजवता बाहेर पडला. परवान्याच्या माणसानं मला मावशीचा कायदा सांगावा! मी फडकं घेऊन त्याच्या बुटांचे ठसे पुसले. माझेही पुसले.

इथं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. दोन दिवसांनी मावशी परत आली. मी आमच्या खिडकीत उभा होतो, मागं आई कपड्यांना इस्त्री करत होती. समोर मावशी पायरीवर उभी राहून डोळ्यावरची पट्टी काढून गल्ली न्याहाळत होती.

"आई, तुला सांगू?" मी म्हणालो. "परवान्याच्या माणसाला मी तिच्या घरात नेलं होतं. आत काही नाहीये. पियानो नाही, कपाट नाही, बसायला खुर्ची नाही. तो दिवा आहे ना, तो नुसता खोक्यावर ठेवलाय. आपल्याला दिसावा म्हणून."

इस्त्री थांबली. आईही मागावरचीच. "क्रेग," ती म्हणाली, "खिडकीकडं पाठ कर."

मी पाठ करण्याआधी समोर बघितलं. मावशी नव्या डोळ्यानं माझ्या तोंडाकडं बघत होती. रागानं नाही. बारीक अक्षर वाचताना माणूस बघतो तशी. मग ती आत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही.

त्या संध्याकाळी दिवा लागला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. गल्लीत लोक विचारू लागले, ऑलिवचा डोळा बिघडला का. आईनं आमच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली. मोरीतलं स्टूल पायरीवर आणून ठेवलं होतं, त्यावर कागदाचं पॅड.

"बस. अक्षर बरं आहे तुझं, शाळेनं तेवढं तरी केलं. डॉक्टरनं मला लिहायला बंदी घातलीय. लिही."

माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं. तिनं नुसतं माझ्या ओठांकडं बघितलं, आणि ओठ मिटले.

"महोदय," ती सांगू लागली, "माझ्या गैरहजेरीत तुमचा माणूस माझ्या घरात येऊन गेला. मी त्याला बोलावलं नव्हतं. यापुढं तुमच्यापैकी कुणीही माझ्या दारापर्यंत येऊ नये. पोस्टमनला, दूधवाल्याला असते तशी दारापर्यंत यायची परवानगी मी तुमच्यापुरती काढून घेत आहे."

"असं करता येतं?"

"येतं. घर भाड्याचं असलं तरी दार माझं आहे." तिनं नाकाला कागद लावून सही केली. "आता दुसरं. तस्संच. फक्त वरचं नाव बदल."

"कुणाचं घालू?"

"तुझं."

"मावशी..."

"इथं नको. घरी जाऊन लिही, सावकाश. मी सही करीन. शुद्धलेखन सांभाळ." तिनं एप्रनच्या खिशातून पोस्टाची दोन तिकिटं काढून माझ्या तळहातावर ठेवली, आणि दुसरा हात किल्लीसाठी पुढं केला. मी किल्ली दिली.

पहिलं पत्र मी त्याच दिवशी पेटीत टाकलं. कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं, आणि माणूस यायचा थांबला.

दुसरं अजून लिहिलेलं नाही. बसतो, "महोदय" लिहितो, फाडतो. कायद्यानं बघायचं तर ते पत्र निघेपर्यंत मला तिच्या पायरीपर्यंत जायला मुभा आहे. मी जात नाही. रस्त्यात भेटली की ती भुवया उंचावते, मी "या रविवारी नक्की" म्हणतो. तिकीट माझ्या पाकिटात आहे. तिचं आहे ते.