बाबांनी निवडलेली तिसरी

त्या जर्मन संगीतकाराच्या चार सिंफनींतली तुझी आवडती कोणती, असं कोणी विचारलं तर मी अजूनही चटकन 'दुसरी' म्हणते, आणि म्हणताना माझा आवाज जरा चढतो. या एका प्रश्नावरून मी माझ्या वडिलांशी अख्खा उन्हाळा भांडले आहे. भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकणारा माणूस आणि त्याची डी.एड. करणारी मुलगी दूरदेशीच्या जुन्या संगीतावरून भांडत होती, हे ऐकून लोक हसतात. हसू देत. आमच्या घरात तेव्हा त्याहून महत्त्वाचं काही चाललं नव्हतं.

आमच्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. जवळच्या शहापूरला एक बँकेचे साहेब भाड्यानं राहायचे, बदलीवर कुठून तरी लांबून आलेले. एकदा ते पाण्यासाठी पितळेचा गुंड, म्हणजे घागर, घ्यायला बाबांकडे आले. बाबांची रीत अशी की गिऱ्हाइकासमोर एकेका गुंडाला नखानं टिचकी मारायची, डोकं तिरकं करून ऐकायचं आणि बाजूला ठेवायचा. सहा-सात गुंड असे बाजूला गेल्यावर त्यांनी एक पुढे केला. "हा घेऊन जा साहेब. पाणी तं सारेच धरतात, पण हा बोलते." साहेब आधी हसले. मग त्यांनी स्वतः टिचक्या मारून पाहिल्या, पुन्हा पुन्हा मारल्या, आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांना फरक कळला होता. पुढं त्यांची बदली झाली तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी ते चार कॅसेट घेऊन आले. म्हणाले, तुमच्या कानांना हे आवडेल. कॅसेटवर एक ते चार आकडे होते आणि एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र. नाव आमच्या जिभेला काही जमलं नाही. घरात सगळे त्याला 'दाढीवालेबुवा' म्हणायचे.

त्या कॅसेट वर्षभर टीव्हीच्या स्टँडवर पडून होत्या. त्या खाली उतरल्या त्या नागपूरच्या डॉक्टरांमुळे.

बाबांचे कान जात होते. पहिल्यांदा सायकलची घंटी गेली, मग आईच्या बांगड्या. बाबा म्हणायचे, "तू बांगड्या घालणं काहून सोडलं?" आणि आई हात पुढे करून दाखवायची, भरलेले दोन्ही हात. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून कागदावर रेघा काढल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की तीस वर्षं हातोडीजवळ बसून कानाच्या नसा गेल्या आहेत. वर्षभर, फार तर दीड वर्ष. मशीन लावलं तर कोणी हाक मारतंय एवढं कळेल, बाकी नाही. मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं, कारण खोटं सांगायला मला कधीच जमलेलं नाही. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीला डोकं लावून बसले होते. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "त्या दाढीवाल्याच्या चार आहेत ना? चारी काही डोक्यात राहायच्या नाही. एक पाठ करतो. कान गेल्यावर तेवढी तं जवळ राहीन."

मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. त्या हातोडीचा, आणि इतक्या शांतपणे बोलणाऱ्या बाबांचाही.

दुपारी लोडशेडिंग असायचं. पॉलिशचं मशीन बंद पडलं की भांडी ठोकायच्या शेडमधलं कामही थांबायचं आणि बाबा घरी यायचे. पंखा थांबलेला असायचा आणि रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. छपराच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाच्या चार-पाच चकत्या जमिनीवर पडायच्या आणि संध्याकाळपर्यंत सावकाश भिंतीकडे सरकायच्या. मी एक मोठी परात पालथी घालून त्यावर टू-इन-वन ठेवायची, म्हणजे आवाज भरून यायचा. बाबा तिच्या काठावर बोटं टेकवून डोळे मिटायचे. वीज नसल्यामुळे हे सगळं सेलांवर चालायचं. पहिल्या आठवड्यात सेल नवे होते. ते उतरल्यावर आमच्याकडे सगळे करतात तेच मी केलं: अंगणात मुंगवड्यांच्या शेजारी सहाही सेल उन्हात मांडून ठेवले. उन्हात तापलेले सेल पुन्हा थोडे दिवस चालतात. आई म्हणायची, "वड्यांसंगं हेही तळू का? बापलेक दोघंही येडे झाले."

रोज एक सिंफनी. चार दिवसांनी सेल पुन्हा उन्हात.

पहिली सुरू होते तीच नगाऱ्यानं. एकसारखे ठोके, वरून सगळी वाद्यं ओढत नेल्यासारखी. बाबांनी दोन वेळा ऐकली आणि म्हणाले, "हे तं मी दिवसभर करतोच." गेली पहिली. दुसरी मला पहिल्यांदा ऐकली तेव्हापासूनच आवडली. ती लागली की मी लहानपणीसारखी मामाच्या गावच्या तळ्याच्या पाळीवर बसलेली असायची, पाय पाण्यात, पलीकडे बांधावर कोणीतरी हळू आवाजात बोलतंय. मला झोप लागायची, आणि जाग आली तरी तळं तिथंच असायचं. मी बाबांना म्हटलं, हीच घ्या. ते म्हणाले, "चांगली आहे. पण ती जाईन कुठं? तुयाजवळ आहेच."

चौथीवर ते अडले. तिच्या शेवटच्या भागात एकच छोटी चाल तीसेक वेळा येते आणि दर वेळी वेगळी होऊन येते. बाबांनी ती बोटांवर मोजली. "हे मठारणं आहे," ते म्हणाले. भांडं घडल्यावर त्यावर बारीक हातोडीनं एकसारखे घाव घालत जायचे, की पितळ घट्ट होतं आणि चमकतं, त्याला मठारणं म्हणतात. घाव तोच, जागा वेगळी. "त्या बुवाच्या घरी कोणीतरी ठोकणारा असन," असं ते आईला खरोखर सांगत होते. मला वाटलं, आता चौथीच.

पण ते तिसरीवर गेले. आधी तिसऱ्या दिवशी यायची ती त्यांनी चौथ्या दिवसावर ढकलली. मी विचारलं काहून, तर म्हणाले, "तिच्यानंतर दुसरं काही ऐकू वाटत नाही." आणि हे खरंही वाटण्यासारखं होतं. बाकीच्या तिन्ही शेवटी दणक्यात संपतात, दाराला कडी घालून जातात. तिसरी हळूच दार लोटून जाते. ती संपली हे आम्हाला कॅसेट खटकन थांबल्यावर कळायचं. आणि तिच्या मधल्या भागात एक अशी चाल आहे की ती लागली की बाबांची बोटं परातीवर थबकायची. मला ती रटाळ वाटायची. एखाद्या जड बाईनं पायऱ्या चढाव्या तशी ती यायची, दम घेत घेत. मी तसं म्हटलंही. अशा रडक्या चालीवर तुमचे शेवटचे कान कायले घालवून राहिले, असंही म्हटलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. बाबांनी ते ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं असावं, मला नक्की सांगता येत नाही.

एकदा मी कामानं लाखनीला गेले होते, तिथून माझ्या पैशानं सहा नवे सेल आणले. त्या दिवशी तिसरीची पाळी होती. मोठ्या हौसेनं सेल घातले, बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत बाबांनी कॅसेट बंद केली. "आज नोको. कान दुखून राहिले. उद्या जुनेच टाकजो, हे बॅटरीसाठी राहू दे." अंधारात हातात धरायची ती आमची बॅटरी, तिच्यात फक्त दोन सेल लागतात. उरलेले चार फळीवर पडून गंजले. मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ज्या माणसाला पुढे जेमतेम सहा महिनेच ऐकू येणार होतं, त्याच्याशी दोन दिवस न बोलणं म्हणजे काय, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं.

पावसाळा संपेपर्यंत तिसरी पाठ झाली होती. बाबा ती पूर्ण गुणगुणायचे, वाद्यं बदलली की तोंडाचा आकार बदलायचे, आणि ठोके परातीच्या काठावर बोटांनी द्यायचे. दिवाळीत पोरं फटाके फोडत होती आणि बाबा ओसरीत शांत बसले होते, तेव्हा आम्हाला समजलं, कान डॉक्टरांच्या मुदतीआधीच गेले होते. त्या दिवसापासून घरात पाटी आली. आम्ही लिहायचो, ते वाचून तोंडानं उत्तर द्यायचे, कधी फार मोठ्यानं, कधी ऐकूच येणार नाही इतक्या हळू.

मी नोकरीला पुण्यात गेले. तिथे शाळेतल्या एका बाईंच्या घरी चांगलं यंत्र होतं आणि हौसही होती. एका रविवारी त्यांनी मला विचारलं, तुला पाश्चात्त्य संगीतातलं काही माहीत आहे का. त्यांच्या कपाटात तोच दाढीवाला दिसला, त्याच्याकडे बोट करून मी ऐटीत म्हटलं, याची तिसरी लावा. त्यांनी लावली. मी दुसऱ्याच मिनिटाला म्हटलं, ही नाही, तिसरी. त्या म्हणाल्या, अगं, तिसरीच आहे. ती धावत होती. ती उंच होती, उजळ होती. ती जड बाई पायऱ्या चढत नव्हतीच, परकर सावरत अंगणातून चालली होती.

उतरलेले सेल. गाणं असतं तर लगेच कळलं असतं. गाणाऱ्याचा आवाज जाड झाला की आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगतं, सेल गेले. पण ही निव्वळ वाद्यं, जन्मात कधी न ऐकलेली. ती जशी वाजली तशीच आहेत असं मी धरून चालले; नव्या सेलांवर एक-दोनदा ऐकलेली मला आठवतही नव्हती. आणि बाबांनी त्यांच्या कानांचे शेवटचे महिने खर्चून जी पाठ केली ती सिंफनी कुठेच नव्हती. ती माझ्या हलगर्जीपणातून तयार झाली होती. बाईंकडे मी चहा न घेता उठले.

हे मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. मला खोटं बोलायला जमत नाही, पण गप्प राहायला जमतं हे तेव्हा कळलं. सुट्टीत घरी आले की बाबा दुपारी परात मांडीवर घेऊन बसायचे आणि ती उतरलेली तिसरी सुरू करायचे, त्याच जड चालीनं. मला ते बघवायचं नाही. मी काहीतरी काम काढून आत जायची.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात शेवटी लिहिलं. दुपार होती. शेड केव्हाच बंद झालं होतं. वीज आता दुपारची जात नाही, पंखा फिरत होता, पण कवेलूंतून पडणाऱ्या चकत्या तशाच होत्या. मी पाटी घेतली आणि लिहिलं: बाबा, तुमची तिसरी बरोबर नाही. सेल उतरलेले होते. खरी भरभर आहे. माझी चूक झाली.

त्यांनी पाटी लांब धरून वाचली. मग खाली ठेवली.

"मले मालूम आहे," ते म्हणाले.

मी पाटी पुसायला उचलली.

"पहिल्या आठवड्यात नवे सेल होते, तवा ती भरभरच गेली. मंग हळू झाली. परातीवर बोट होतं ना माया, समजते मले. आवाज उतरला का भांडं वेगळं हालते." त्यांनी परात जवळ ओढली. "म्हणून तं तिले चौथ्या दिवसावर नेली. तवापर्यंत सेल चांगले उतरून जात."

मी पाटीवर एवढंच लिहिलं: मग मले काहून नाही सांगतलं?

"तुले सांगतलं असतं तं तू सेल बदलले असते," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फार हळू होता, मला पुढे वाकावं लागलं. "कान थोडेच दिवस होते, पोरी. हळू वाजे तं तेवढी जास्त वेळ पुरे."

मी पाटी पुसली आणि हातात धरून बसले. बाबांनी बोटं परातीच्या काठावर टेकवली, डोळे मिटले आणि सुरुवातीपासून घेतलं. आईनं मध्येच चहा आणून ठेवला, तो निवून गेला. उन्हाच्या चकत्या भिंतीला लागल्या तरी त्यांची तिसरी चालूच होती, दम घेत घेत. त्या दिवशी मी ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसून ऐकली, आणि दुसरीचं नाव काढलं नाही.