ओल्या मूर्तीची चिंधी

पेणजवळच्या जोहे गावच्या कमळाकरला कोणी काही समजवायला गेलं, की तो हातातला ब्रश खाली ठेवतो, नीट ऐकतो, मान डोलावतो आणि मग आपल्याला हवं तेच करतो. पेणच्या शाळेत माझी हयात गेली, पण इतक्या आदबीने न ऐकणारा विद्यार्थी मला भेटला नाही. तरी आमच्या घरचा गणपती त्याच्याच कारखान्यातून येतो. त्याने आखलेले मूर्तीचे डोळे पाहिले की माझा राग टिकत नाही.

त्याच्या कारखान्यात एक नियम आहे. रंग ओला असलेल्या मूर्तीच्या मनगटाला लाल चिंधी बांधलेली असते. चिंधी सुटेपर्यंत मूर्तीला कोणी हात लावायचा नाही, मग तो गिऱ्हाईक असो नाहीतर सोयरा. त्याची बायको चंद्रावती जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडून डबाभर तयार ठेवते.

दुसरी रीत पाटाची. आषाढ लागला की ठरलेली घरं आपापला पाट कारखान्यात आणून ठेवतात आणि त्याच पाटावर बसून गणपती घरी जातो. पाट ठेवला म्हणजे शब्द दिला. रोह्याच्या महिपतीभाऊंचा पाट कमळाकरच्या वडिलांच्या वेळेपासून इथे येतो, तोही सगळ्यांच्या आधी.

मागे कधीतरी कमळाकरने एका ओळखीच्याकडून कारखान्याची वेबसाइट करून घेतली. पाटीवर तिचा पत्ता मोठ्या अक्षरांत रंगवला. पुढे तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

यंदा ज्येष्ठात नमुने बघायला म्हणून मी ती उघडली, तर फोनचा पडदा लालभडक. पुढच्या साइटवर हानिकारक प्रोग्राम आहेत, मागे फिरा, असं लिहिलेलं. मी मागे फिरले आणि कमळाकरला फोन लावला.

"बाई, कोणीतरी जळतंय आपल्यावर," तो म्हणाला. "तक्रार केली असंल. आपण गणपती इकतो, दारू नाय."

"अहो, तक्रार नाही, काहीतरी बिघडलंय. आधी तुमच्या समीक्षाला दाखवा."

"व्हय बाई," तो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोनवर त्याचा आवाज पोचला: "लाल पान आला तर घाबरू नका. खाली बारीक अक्षरात पुढं जायाचं लिवलेलं हाय, तिथं दाबा आन बिनधास्त या. मी कमळाकर सांगतंय."

मी कपाळावर हात मारून घेतला.

महिपतीभाऊंनी दाबलं. आत गेल्यावर मूर्तींचा व्हिडिओ बघायला एक प्रोग्राम घ्या, असं आलं, तोही त्यांनी घेतला. मग त्यांच्या फोनवरून त्यांच्याच नावाने तीच लिंक ओळखीच्या प्रत्येकाला जाऊ लागली. मुलीच्या सासरीसुद्धा गेली, आणि व्याह्यांनी फोन करून चार शब्द सुनावले. सरळमार्गी माणूस, शरमेने अर्धा झाला. त्यांनी कमळाकरला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून दाबलं." आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशी कमळाकरने डोळे आखायला घेतले नाहीत.

समीक्षा त्याची मुलगी. रोह्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघते. सुट्टीला आली तेव्हा मीही कारखान्यात होते. तिने सगळं तपासलं.

"बाबा, साईट जुनी झालीय, कोणी अपडेट केली नाय. त्या फटीतून कोणीतरी आत शिरून आपला प्रोग्राम ठेवून गेलाय. येईल त्याच्या फोनात तो घुसायला बघतो."

"म्हंजे चोर दुसरा आन लाल शिक्का माज्या दारावर. ही बदनामी नाय काय?"

समीक्षा काही बोलणार, तेवढ्यात मूर्ती बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने ओल्या पितांबराला बोट लावलं. कमळाकर ताडकन उठला.

"चिंधी दिसत नाय काय तुमाला?"

गिऱ्हाईक गडबडलं. "मला वाटलं, मूर्तीत काही खोट आहे म्हणून बांधलीय."

"खोट नाय, ओली हाय. तुमचाच हात रंगू नये म्हणून बांधलेली हाय. सुकली का सोडू."

चंद्रावती कोपऱ्यात चिंध्या फाडत होती. मान वर न करता म्हणाली, "आन तुमी समद्या गावाला सांगितलाव, चिंधी हाय तरी हात लावा."

कमळाकरने ब्रश खाली ठेवला. या वेळी मान डोलावली नाही. मग त्याने फोन उचलला.

"मी कमळाकर. माजं चुकलं. लाल पान आला तर मागं फिरा. आमच्या साईटमधी घाण शिरलीय. साफ झाली का मी सांगीन, तवाच या. ज्यांनी दाबलं त्यांनी मला कळवा, माजी पोरगी सांगंल काय करायचं ते."

माझा हा विद्यार्थी अखेर पास झाला, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला. त्याने एक लांब लाल चिंधी घेतली आणि पाटीवरच्या साइटच्या पत्त्यावर आडवी बांधली.

दुसऱ्या दिवशी बापलेक रोह्याला गेले. समीक्षाने महिपतीभाऊंच्या फोनातून तो प्रोग्राम काढला, स्वतःच्या फोनवरून त्यांचे पासवर्ड बदलून दिले, आणि ती लिंक उघडू नका म्हणून सगळ्यांना कळवलं. भाऊंनी चहा दिला. पाटाचा विषय त्यांनी काढला नाही आणि विचारायची कमळाकरची छाती झाली नाही.

इकडे समीक्षाने साइट बंद ठेवून साफ केली, सगळं अपडेट केलं आणि पुन्हा तपासून घ्या म्हणून लाल पान दाखवणाऱ्या कंपनीकडे अर्ज पाठवला. काही दिवसांनी लाल पान गेलं. मी उघडून पाहिली, नमुने दिसले. पाटीवरची चिंधी मात्र तशीच.

"आता सोडा की," मी म्हटलं.

"भाऊंचा पाट येऊ द्या, बाई."

आषाढ लागला. पाट येऊ लागले, माझाही गेला. फळीवरची पहिली जागा कमळाकरने मोकळी ठेवली होती. तिथे तो कोणाला पाट ठेवू देईना. दमट हवेत रंग सुकत नव्हते, आणि त्याची चिडचिड सगळ्या कारखान्याला पुरत होती.

एका सकाळी रोह्याहून आलेल्या टेम्पोवाल्याने महिपतीभाऊंचा पाट दारात उतरवला. कमळाकर धावला, उचलायला वाकला आणि तसाच थांबला. पाटाला लाल चिंधी बांधलेली होती.

त्याने फोन लावला. भाऊ म्हणाले, "कालच पॉलिश केलंय, कमळाकर. ओलं आहे. सुकेपर्यंत हात लावू नका."

कमळाकर हसला आणि त्याने डोळे पुसले, दोन्ही एकदमच. दिवसभर तो पाटाभोवती घुटमळत राहिला, पण बोट लावलं नाही. ऊन कलल्यावर गिऱ्हाइकासारखा चार हात लांब उभा राहिला आणि त्याने बायकोला हाक मारली.

"बघ गो, सुकला काय?"